अर्धी पट्टी माफ

दशरथची घरपट्टी यंदाही अर्ध्यावर भागली, हे ऐकल्यापासून आत्मारामच्या घशाखाली चहा उतरेना.

नवघरच्या गावठाणात एकाच भिंतीला टेकून दोघा भावांची घरं. खोल्या तेवढ्याच, पडवी तेवढीच. फरक एकच, आई धाकट्या दशरथकडे. बाप गेल्यावर तिला कोणी ठेवायचं, यावर दोघांनी हात वर केले होते. मग आईनेच बातमी आणली, "घरात म्हातारं मानूस असलं तर अर्धी पट्टी माफ हाय. पन भरायला म्हाताऱ्यानंच जायचं." दशरथने त्याच दिवशी तिची खाट आत घेतली. आत्मारामने ते हसण्यावारी नेलं, पण दशरथची पट्टी खरंच अर्ध्यावर भागली तेव्हापासून जळत बसला.

"माफी त्याला आणि आईंच्या सोन्याच्या पाटल्याही त्यालाच," त्याची बायको मनोरमा म्हणाली. "आईंचे हात बघितले? भुंडे. धाकटीने लाटल्या असणार."

आत्मारामच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच शेजारी गेला.

"आई, थोरला मी हाय. तू माझ्याकडं रहायचं."

"न्हाय जमायचं," दशरथ आडवा आला. "इतकी वर्सं कुठं होतास?"

अशी जुंपली की गल्ली गोळा झाली. आईवरून भांडण, तेही 'मीच ठेवणार' म्हणून! असे लेक सगळ्यांना मिळोत, असं म्हणत एका शेजारणीने डोळे पुसले. आई मात्र गालात हसत होती.

"सा म्हयने याच्याकडं, सा म्हयने त्याच्याकडं," तिने निवाडा केला. "दोघांनाबी माफी."

आई राहायला आली त्या संध्याकाळी मनोरमाने ओले बोंबील तळले आणि शेजारी वास जावा म्हणून खिडकी सताड उघडली. आठवड्यात आई आत्मारामचीही पट्टी अर्ध्या पैशांत भरून आली. तरी त्याचा जीव थंड होईना. आई आता आपल्याकडे, मग दशरथला माफी कशाला? ती बंद करायलाच तो पालिकेच्या कार्यालयात गेला.

"कसली माफी?" खिडकीतल्या बाई दोन्ही घरांची नोंद बघत म्हणाल्या. "म्हाताऱ्यांसाठी अशी सवलतच नाहीये, काका."

"मग माझ्या भावाची पट्टी अर्धी कशी?"

"पूर्ण भरलीये. तुमचीसुद्धा. अर्धे मुलांचे, अर्धे माझे, असं सांगून त्या आजी देऊन जातात." बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे तुम्ही त्यांचा मुलगा? मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका हं. मुलांना कळलं तर घरात ठेवणार नाहीत, म्हणत होत्या."