पंखातली फट

"डावा हात पदराखालीच ठेव गो," लहानीची आई सकुबाई परत म्हणाली.

लहानीने मान हलवली. लहानपणी करवंदं काढताना कड्यावरून पडली आणि तो हात कोपरात आखडला तो आखडलाच. आलेली सोयरीक त्यापायी मोडली होती. आज शहापूरचा सावळाराम मुलासाठी तिला बघायला धसईला आला होता. हा सावळाराम जातिवंत कोंबड्या पाळणारा. लढाईमुळे कल्याणच्या लष्करी छावणीत त्याची अंडी जायची. पंख उलगडून खोट काढण्यात त्याचं घर नावाजलेलं.

"त्यांना खोट शोधायची सवय हाय ना? मग एक आपणच हातात देऊ," लहानीचा बाप धर्मा म्हणाला होता. म्हणून ओट्यावर त्याने मुद्दाम बिघडल्या पंखाचा पांढरा विलायती कोंबडा आणून ठेवला होता.

लहानी दाराआडून बघत होती. सावळाराम मुलाच्या खांद्यावर हात टाकून अंगणातून आला. केवढी ती माया! मुलगा वाल्मिक देखणा, ताठ मानेचा. त्याला आणायची सावळारामाला घाई नव्हती, पण पोरगा बघितल्याबिगर शब्द देणार नाय, असा धर्माने निरोपच धाडला होता.

"कसा हाय आमचा कोंबडा?" धर्माने विचारलं.

"वाल्मिककडं द्या. डोळं मिटून सांगंल तो."

वाल्मिकने कोंबडा मांडीवर घेतला, थोपटला, पंख उलगडला. एकेका पिसावरून बोट फिरत गेलं आणि मध्येच थांबलं.

"इथं फट हाय, मामा. भायेरची पिसं नि आतली पिसं मिळत नायत. पैदाशीला नको, पिल्लांत उतरंल."

"अरे देवा! आमाला कळलंच नाय बघा," धर्मा कपाळाला हात लावून म्हणाला. सावळाराम खूष झाला.

लहानीने उजव्या हाताने चहा दिला. सावळारामाने कप मुलाच्या हातात ठेवला, "इथंच बस, उठू नको," म्हणाला आणि धर्माबरोबर परसातलं खुराडं बघायला गेला. सकुबाई चुलीकडे वळली.

आता ओट्यावर दोघंच. लहानीला राहवेना. हा कोंबड्याची खोट तोंडावर सांगतो आणि आपण ह्याला फसवायचं? लग्नानंतर कळलं तर जन्मभर मान खाली. तिने पदर सारला. आखडलेला हात त्याच्यासमोर धरला. शब्द मात्र फुटेना.

वाल्मिकचं तोंड तिच्याकडेच होतं. कपाळावर एक आठी नाही. उलट तो हसला.

"मला पसंत हाय," तो म्हणाला. "तुला?"

"हां," लहानी कशीबशी बोलली. तिचा जीव भांड्यात पडला. बघून, सगळं बघून हो म्हणाला! असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळेल का?

थोरले परतले. सुपारी फुटली, गूळ वाटला. एकदा सुपारी फुटली की शब्द मागे घ्यायचा नाही, ही दोन्ही घरची रीत.

पाहुणे निघाले तेव्हा लहानी दाराशीच उभी होती, पदर न सावरता. धर्मा बैल जुंपायला पुढे गेला होता. सावळारामाने मुलाचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "पायरी हाय, जपून. आता हात पुढं कर, गाडी लागंल."