सात नंबरची जोडी

"सर, चिठ्ठी बदलून मिळेल का?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैज म्हटलं की त्या मुलीला गप्प बसवत नसे. मुख्य पंचांना असलं काही विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्यांच्या गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून पोरी मागून त्यांना 'शिट्टीसर' म्हणत.

शिट्टीसरांनी तिच्या हातातली चिठ्ठी पाहिली. सात.

"का बदलायची?"

"असंच."

"कारण मला माहीत आहे. म्हणूनच बदलणार नाही."

मागे मैत्रिणी तोंडावर हात ठेवून खुसखुसल्या. सात नंबरची जोडी म्हणजे ते भांडकुदळ नवरा-बायको, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. गेल्या वर्षी ते नकाशावरून भांडत भांडत थेट दुसऱ्याच गावात निघाले होते आणि तिथूनही भांडतच परतले होते.

स्पर्धा दोन दिवसांची. शनिवारी नकाशा आणि होकायंत्र घेऊन डोंगरात दहा झेंड्या शोधायच्या, मग पाठीवर ओझं घेऊन तळापर्यंत चालायचं. रविवारी नेमबाजी. प्रत्येक जोडीमागे एक निरीक्षक, चिठ्ठी काढून ठरलेला. तिच्या शाळेतल्या कुणालाच अजून पंचाचा बिल्ला मिळाला नव्हता. तिला तो हवा होता, आणि त्यासाठी दोन दिवस एकही चूक चालणार नव्हती. जोडीशी बोलायचं नाही, वाट दाखवायची नाही. दिसेल ते लिहायचं, आणि शेवटी आपला निर्णय जोडीसमोर उभं राहून आपल्याच तोंडाने सांगायचा.

पहिल्या झेंडीपर्यंतच तिच्या डोक्याचा भुगा झाला.

"अहो, नकाशा उलटा धरलाय तुम्ही."

"नकाशा सरळ आहे. डोंगर उलटा आहे."

"मग सांगा त्याला सरळ व्हायला!"

नवरा होकायंत्र बंद पडलेल्या घड्याळासारखं कानाशी लावून हलवायचा. बायको दर वळणावर 'मी सांगितलं होतं' म्हणायची, आणि तिने ते अजिबात सांगितलेलं नसायचं. तिसरी झेंडी दहा पावलांवर फडफडत होती आणि हे दोघं तिच्याकडे पाठ करून ती कुणी चोरली असेल याची चर्चा करत होते! 'मागे बघा ना!' हे मुलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते आवंढ्याबरोबर गिळलं.

"तू काही खाल्लंस का गं?" बायकोने वळून विचारलं. "सकाळपासून नुसती लिहितेयस."

मुलीने गळ्यातलं कार्ड उचलून दाखवलं. त्यावर छापलं होतं, 'निरीक्षकाशी बोलू नये.'

"खायला काय बोलावं लागतं? घे, सफरचंद घे."

"पोरीला त्रास देऊ नकोस," नवरा म्हणाला. "ती कामावर आहे."

"तुम्ही गप्प बसा. आणि तू, टोपी घाल."

मुलीने टोपी घातली. मग तिला स्वतःचाच राग आला.

सहावी झेंडी उभ्या चढावर होती. पायथ्याशी बायको मटकन खाली बसली आणि गुडघा दाबून धरला. सकाळपासून पहिल्यांदाच ती गप्प होती.

"दुखतोय?" नवऱ्याने विचारलं.

"नाही हो. चला."

नवऱ्याने हळूच तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. प्रत्येक झेंडीला एक टोचणी बांधलेली असे. तिथवर पोचल्याची खूण म्हणून दोघांनी आपापल्या कार्डाला भोक पाडायचं. दोघांनी, आपापल्या. एकजण जरी पोचला नाही तरी जोडी बाद, हे नियमपुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं.

"तू बस. मी दोन्ही टोचून आणतो."

"अहो, पण..." बायकोने मुलीकडे पाहिलं.

नवऱ्यानेही पाहिलं. मग तो एकटाच चढू लागला.

मुलगी वही उघडी धरून उभी राहिली. सबंध दिवसात हे दोघं भांडले नाहीत ते एवढेच क्षण, आणि नेमका तेव्हाच त्यांनी नियम मोडावा! भांडा ना, हवं तेवढं भांडा, पण भांडत भांडत दोघंही वर जा!

रविवारी नेमबाजीत बायकोने कमाल केली. छर्‍याची बंदूक पालथं पडून चालवायची होती, गुडघ्याचं काही काम नव्हतं. दहातले नऊ छर्रे मधल्या काळ्या ठिपक्यात गेले. फळ्यावर सात नंबर सगळ्यांत वर चढला.

बायकोने नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. "बारा वर्षं! बारा वर्षं शेवटून पहिले येतोय आपण!"

नवऱ्याने डोळे पुसले आणि ऊन लागतंय म्हणाला.

"सात नंबरची नोंद?" शिट्टीसरांनी हात पुढे केला.

"सहाव्या झेंडीची ओळ कोरीच ठेव," एक मैत्रीण कानाशी कुजबुजली. रात्री तिने मैत्रिणींना सगळं सांगितलं होतं. "काल तिथे दुसरं कोण होतं बघायला?"

"आणि खरं लिहिलंस ना," दुसरी म्हणाली, "तर तुझं काही खरं नाही."

ती ओळ कोरी ठेवली की करंडक त्यांचा आणि बिल्ला तिचा. कुणालाच काही कळणार नव्हतं. फक्त तो बिल्ला छातीवर लावून आरशासमोर तिला उभं राहावं लागणार होतं.

तिने पेन उघडलं आणि सहाव्या झेंडीची ओळ लिहिली. शिट्टीसरांनी ती वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि वही तिच्या हातात परत ठेवली.

"नियम माहीत आहे ना? तोंडाने सांगायचं."

ती मैदान ओलांडून गेली. दोघं करंडक घरी कुठे ठेवायचा यावरून भांडत होते. कपाटावर ठेवला तर दिसणार नाही, खिडकीत ठेवला तर पडेल. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दोघं बाद."