दुमडलेले कान

"हे कुठल्या गाडीचं, हॉलिस?"

"आर्कान्सातल्या."

"काल फोनवर टेनेसी म्हणालास."

"अगं, वाटेत टेनेसी लागतंच की," हॉलिस म्हणाला आणि ट्रकमधून उजवा फेंडर, चाकावरचा पत्रा, अलगद खाली घेतला. अलगद! एरवी हा माणूस दरवाजे, बॉनेट, काय असेल ते लाकडं टाकावीत तसं टाकतो.

अर्लीनच्या कपाळाला आठी पडली. गेल्या महिन्यात डोंगरातल्या वळणावर हरीण आडवं आलं आणि तिच्या सत्तर सालच्या शेव्हेल गाडीचं तोंड पार चेपलं. बॉनेट, जाळी, दोन्ही फेंडर, सगळंच गेलं. असा पुढचा अख्खा संच शोधता शोधता लोक म्हातारे होतात. हॉलिस क्रीचच्या भंगारात मात्र तो बरोब्बर आत्ताच उगवला. किंमत विचारली तर म्हणे, "बघू नंतर." गंजका नटसुद्धा फुकट न देणारा हा बाबा आणि म्हणे बघू नंतर!

"आजच चढव," हॉलिस म्हणाला. "मी थांबतो."

"तुला काय घाई?"

"मला कसली घाई? आणि हो, तुझ्या त्या पाट्या संपल्या. अजून असतील तर दे."

पाट्या म्हणजे तिच्या गॅरेजच्या. केंटकीत गाडीला पुढे नंबर लागत नाही, तिथे लोक चर्चची नाहीतर दुकानाची पत्र्याची पाटी लावतात. गेल्या हिवाळ्यात वडील गेले. यंदाच्या वसंतात अर्लीनने 'टॅकेट आणि मुलगा' हा जुना फलक उतरवला, स्वतःचं नाव चढवलं आणि निळ्या अक्षरांच्या पाट्या करून घेतल्या. हॉलिसने तेव्हा गिऱ्हाइकांसाठी म्हणून मूठभर नेल्या होत्या.

"मुलगा काढून टाकलास फलकावरून," तो तेव्हा म्हणाला होता.

"मुलगा आहे कुठे?" तिने विचारलं होतं. हॉलिस पाट्या उचलून निघून गेला होता.

मुलगा म्हणजे ड्यूई, तिचा थोरला भाऊ. दहा-अकरा वर्षांपूर्वी बापलेकांची जुंपली, म्हातारा ओरडला, "चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस," आणि ड्यूई आपली हिरवी शेव्हेल घेऊन निघाला. शेजारी बसला होता हॉलिस. हॉलिस दोन दिवसांनी बसने परत आला. ड्यूई आला नाही. गाडी नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. शेरीफच्या पोलिसांनी विचारलं, आईने पाय धरले. हॉलिसचं एकच पालुपद, "राज्याच्या हद्दीवर उतरलो. पुढचं मला माहीत नाही." आई वाट बघत बघतच गेली. अर्लीन अजूनही त्याची हत्यारांची पेटी दर रविवारी तेल लावून पुसते. आपल्याला दुसरं काही नको, फक्त खरं काय ते कळावं, असं तिला वाटे.

तिने पॉलिश पेपर घेतला आणि फेंडरच्या आतल्या कडेला घासला. राखाडी प्रायमर निघाला. खाली हिरवा.

ड्यूईची हिरवीच होती. पण हिरवी शेव्हेल काय एकच होती? ती फेंडर फिरवून बघू लागली.

बोल्टच्या प्रत्येक भोकाशेजारी चिकटपट्टीने एकेक पुडकं चिकटवलेलं होतं. पॅकिंगच्या चकत्या. फेंडर दरवाज्याशी सरळ रेषेत बसावा म्हणून मध्ये घालतात त्या. हॉलिस असला उपद्व्याप जन्मात करणार नाही. तिने पहिलं पुडकं सोडलं. जुन्या पाटीतून कापलेला पत्रा, गंजून तांबूस झालेला, आणि एक कोपरा कानासारखा दुमडलेला. चिमटीत धरून ओढता यावा म्हणून.

असे कान जगात एकच माणूस काढायचा. म्हातारा त्यावरून किती हसायचा त्याला! "चकत्या करतोयस का सशाची पिल्लं?"

अर्लीन बाहेर आली. हॉलिस ट्रकच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होता.

"ही ड्यूईची गाडी आहे."

हॉलिसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"इतकी वर्षं तुझ्याच आवारात होती ना? आता बाप मेला, आई मेली, विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून सुटी करून विकायला काढलीस! आणि तीही मलाच? लाज कशी वाटली नाही रे?"

"फेंडर चढव, अर्लीन. सगळी पुडकी सोड."

"माझा भाऊ कुठे आहे?"

"मी शब्द दिलाय," हॉलिस म्हणाला. "माझ्या तोंडून निघणार नाही."

"कोणाला दिलास? मेलेल्या माणसाला?"

त्याने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. पळायची वाट शोधतोय, मेला! अर्लीनने आत येऊन दाराला कडी घातली. घाईत शेरीफच्या कचेरीचा नंबर दोनदा चुकला.

"मी अर्लीन टॅकेट," ती म्हणाली. "माझ्या भावाचा खून झालाय. करणारा माझ्या दारात बसलाय. लवकर या."

पलीकडची बाई शांतपणे विचारत गेली. पत्ता कोणता, त्याच्याकडे बंदूक आहे का, तुम्ही सुरक्षित आहात का. अर्लीन उत्तरं देत होती आणि मोकळा हात आपोआप फेंडरवरून फिरत होता. शेवटचं पुडकं राहिलं होतं, दरवाज्याच्या बाजूचं. तिने नखाने चिकटपट्टी सोडवली.

ही चकती गंजलेली नव्हती. नव्या पत्र्याची धार तिच्या बोटाला लागली.

"ज्यांचा खून झाला, त्यांचं पूर्ण नाव सांगा, बाई."

कान नीट दुमडलेला होता. तिने चकती उलटी केली. पाठीवर निळ्या अक्षरांत तिचंच नाव होतं, यंदाच्या नव्या पाटीवरचं.