शेवटचा रक्तदाब

मानवजातीने उच्च रक्तदाबावर कायमचा विजय मिळवला होता. राहून गेले होते ते फक्त रेवदंड्याचे भास्कर तांडेल. रक्तदाबावरचं जगातलं सर्वांत मानाचं नियतकालिक आता त्यांच्या एकट्याच्या नसांवर चालत होतं. म्हणून एका गोळीने बरे होणारे तांडेल सहा वर्षं संपादकीय कार्यालयातच मुक्कामाला होते.

"डॉक्टरीणबाई, आता द्या की ती गोळी! नातीला अजून पाहिलं नाही मी."

"काका, तुम्ही बरे झालात तर आमचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाचं वजन, शून्यावर येईल हो," संपादिका डॉ. बेडेकर कळवळून म्हणाल्या.

"आणि मी मेलो तर?"

"विशेषांक काढू."

तांडेलांनी कुलूपबंद दाराकडे पाहिलं आणि बाही वर सारली.

"मग आज पट्टा डाव्या हाताला बांधा. उजवा फार दुखतो."