मूकपटातला निकाल

"दाढी अजून दाट लावा. आईनंही ओळखता कामा नये," एडविन रंगभूषाकाराला म्हणाला. त्याच्या लंडनच्या नाटक कंपनीच्या मालकांनी बजावलं होतं, बायस्कोपात दिसलास तर नोकरी गेली समज.

मूकपटात तो म्हातारा आरोपी होता. न्यायाधीश येऊन बसले, आणि त्यांच्या एवढ्या दाढीमिशांतूनही एडविनला ते नाक ओळखू आलं. खुद्द मालक. त्यांनीही त्याला ओळखलं.

"शिक्षा सुनावा. काहीही बोला, प्रेक्षकांना कुठं ऐकू येतंय," कॅमेरा फिरवत दिग्दर्शक म्हणाला.

मालकांनी डोळे वटारून बोट रोखलं. "मी तुला पाहिलं नाही, तू मला पाहिलं नाहीस," ते दातओठ खात पुटपुटले. "उद्या तालमीला वेळेवर ये."

एडविन ढसाढसा रडला. त्या रडण्याचं इतकं नाव झालं, की पुढची वीस वर्षं पडद्यावरचे झाडून सगळे रडके म्हातारे एडविननंच केले.