कुंकू लावलेली सेडान

जुनी आलिशान सेडान भंगारात गेली, की विश्वासरावांना नवी छोटी गाडी फुकट मिळणार होती. रंगही त्यांनी निवडून ठेवला होता. वीस वर्षं भरलेली विनाचालक गाडी कायद्यानं आपली आपणच चालत भंगारात जाई. पण सेडानची वीस वर्षं भरली, नेमकी त्याच सकाळी खंडेनवमी आली. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी पूजा करताना गाडीच्या कॅमेऱ्यांवर कुंकू चांगलं जाड थापलं.

"बाई, मला दिसत नाही. भंगाराची वाट सांगाल?" गाडीनं विचारलं.

"सांगते की! आधी मंडईत चल, मग ताईकडे."

"अगं, माझी नवी गाडी!" विश्वासराव कळवळले.

"तुम्ही पुढं बसा आणि वळणं सांगा."

वर्ष झालं, कुंकू पुसलेलं नाही आणि भंगाराची पाळीही आलेली नाही. हौस बाईंची, किंमत मात्र खिडकीबाहेर डोकावून आखडलेली विश्वासरावांची मान मोजते.