युनिलॅटरल

"युनिलॅटरल म्हणजे एकतर्फी, दुसऱ्याला न विचारता केलेलं. वाक्य कोण करेल?" अकरावीच्या वर्गात मृदुला मॅडमनी विचारलं.

मागच्या बाकावरची कल्याणी उभी राहिली. "बाबांनी माझं लग्न ठरवलं, ते युनिलॅटरल आहे."

वर्ग खो-खो हसला. कल्याणी मात्र हसली नाही. तास संपताच मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"कधी आहे लग्न?"

"रविवारी."

पोरीचं अजून सतरावंही सरलं नव्हतं. तिचे बाबा तर याच शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. तक्रार केली की मॅडमची नोकरी गेलीच. त्यांनी मोबाईल काढला, पोलिसांचा नंबर शोधला आणि त्या थांबल्या.

"करू फोन? तू सांग."

कल्याणीचे डोळे भरून आले. "करा मॅडम. लवकर करा."